पुन्हा घेतोय, की औषध कमी पडतंय?

पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

«डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. नऊ वर्षं गर्दवर, म्हणजे हेरॉइनवर होता, शेवटची दोन वर्षं सुईवर. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर महिन्याच्या आत पुन्हा सुरू. गेल्या वर्षी मे महिन्यात सरकारी रुग्णालयात मेथाडोनचं सिरप चालू केलं, गर्दच्या जागी देतात ते. रोज सकाळी जाऊन नर्ससमोर प्यायचं. तेव्हापासून तो माणसात आला. कुरियरच्या गोदामात कामाला लागला, पगार आईच्या हातात देतो. वडील नाहीत.

गणपतीनंतर त्याला टीबी निघाला, त्याच्याही गोळ्या चालू आहेत. पण गेला महिनाभर त्याचं काही खरं दिसत नाही. दुपारनंतर बेचैन होतो, सारख्या जांभया देतो, नाक पुसत असतो. रात्रभर झोप नाही, पहाटे पाय चोळत बसतो. आईची खात्री झालीय की त्यानं पुन्हा सुरू केलं. ती खिसे तपासते, सॅक उलटी करते. अजून काही सापडलं नाही. झोप लागावी म्हणून दोनदा तिनं आपली झोपेची गोळी त्याला दिली.

त्यात चिपळूणकडचं स्थळ आलंय. मुलगी चांगली आहे, दोन्हीकडून पसंती आहे. तुळशीचं लग्न झालं की पौषाच्या आत उरकायचं, असं आई म्हणते. आणि त्याआधी हे सिरप बंद झालंच पाहिजे, महिनाभर कुठल्यातरी केंद्रात ठेवू, पाहुण्यांना कामासाठी बाहेरगावी गेलाय म्हणून सांगू. मामा म्हणतात, सरकारच नशा पाजतंय, एक सोडवून दुसरी लावली. हे कधी संपणार? मुलीकडच्यांना सांगायचं का? आणि तो पुन्हा घेतोय का, हे मेडिकलमधून लघवीची पट्टी आणून घरी तपासता येईल का? — एक ताई, कळवा»

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मी मात्र वेगळ्याच वाक्यावर अडकले, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: टीबीच्या गोळ्या चालू आहेत.

त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. लघवी केशरी-लाल होते ना, ती त्याच्यामुळे. टीबीवर ते फार कामाचं आहे, पण त्याला एक खोड आहे. यकृतात औषधांची विल्हेवाट लावणारी जी यंत्रणा असते, तिला ते जुंपतं. एरवी जे औषध शरीरात दिवसभर टिकलं असतं, ते मग दुपारपर्यंतच संपतं. मेथाडोन हे अशा औषधांपैकीच एक. भाऊ सकाळी तेवढंच सिरप पितो, तीच बाटली, तीच नर्स, पण अंगात उरतं कमी. दुपारनंतर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात कळा, पाय झाडणं, झोप उडणं. नशा किंवा औषध अंगात कमी पडलं की होणाऱ्या ज्या त्रासाला ही मुलं टर्की म्हणतात, ती त्याला रोज थोडी थोडी लागत असणार.

ही काही माझी कल्पना नाही. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी जीन क्रीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच नोंदवलं होतं. मेथाडोनवर असलेल्या आणि टीबीसाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्या ३० जणांपैकी २१ जणांना टर्कीची लक्षणं दिसली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं डॉक्टरांना ही गोष्ट ठाऊक आहे. तरी घरोघरी खिसे तपासले जातात.

आईंना जे दिसतंय ते खोटं नाही. नऊ वर्षं त्यांनी हीच लक्षणं पाहिलीत, आणि तेव्हा त्यांचा अर्थ एकच होता. पण जरा आठवून बघा, तो गर्द ओढून घरी यायचा तेव्हा कसा दिसायचा? पेंगायचा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आवाज जड. आता जे दिसतंय ते बरोबर उलटं आहे. हे अंगात कमी पडल्याचं लक्षण आहे, जास्त झाल्याचं नाही. आता, चोरून घेणाऱ्याचाही माल संपला की हेच होतं, हे मला माहीत आहे. मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, शपथेवर काही सांगू शकत नाही. पण टीबीच्या गोळ्या आणि ही लक्षणं यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. रिफाम्पिसिनचा हा परिणाम पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि दोनेक आठवड्यांत पुरता भरात येतो. तुमच्या पत्रातला हिशेब तसाच लागतो.

मीही एकदा ही चूक केली आहे. एका मुलाची मेथाडोनवरची घडी छान बसली होती, आणि अचानक तो घामेजून, थरथरत समोर येऊन बसायला लागला. मी त्याला तासभर ‘खरं सांग’ म्हणून उलटसुलट विचारलं. त्याला मध्ये फिट आली होती, दुसऱ्या डॉक्टरांनी फेनिटॉइन लिहून दिलं होतं. फेनिटॉइनही हेच करतं. मी त्याचे कागद मागितलेच नव्हते. तो मुलगा मला अजून दिवाळीला फोन करतो. मी त्याच्या जागी असते तर केला नसता.

तुमच्या भावानं हे रुग्णालयात का सांगितलं नसेल? मला दोन कारणं दिसतात. टीबीची खिडकी वेगळी, मेथाडोनची वेगळी, आणि टीबीच्या खिडकीवर मेथाडोनचं नाव काढायला बहुतेकांना लाज वाटते. गर्दुल्ला म्हणून चेहरा वाचला जाईल ही भीती नऊ वर्षांत हाडामांसात गेलेली असते. दुसरं कारण जास्त जिव्हारी लागणारं आहे. डोस वाढवून मागणं म्हणजे हाव सुटली असं समजतील, हे या मुलांना माहीत असतं. म्हणून ती दात आवळून गप्प बसतात. असे महिनाभर काढणाऱ्यांतले बरेच जण शेवटी एका पुडीनं ते संपवतात. तुमचा भाऊ महिनाभर अर्धवट टर्कीत राहूनही रोज सकाळी सिरप घ्यायला जातोय आणि गोदामातलं काम करतोय. खिसे उलटे करताना आईंच्या हाताला काय लागलं नाही, याकडेही जरा बघा.

तेव्हा उद्या सकाळी तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा. टीबीच्या गोळ्यांची स्ट्रिप आणि उपचाराचं कार्ड बरोबर घ्या. मेथाडोनच्या डॉक्टरांना सांगा की अमुक तारखेला या सुरू झाल्या, अमुक तारखेपासून हे होतंय. त्यालाच बोलू दे, तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. ते तपासून हळूहळू डोस वाढवतील. एका दिवसात आराम पडणार नाही, कारण मेथाडोन अंगात साठत साठत चढतं. आजचा डोस कालच्या उरलेल्यावर बसतो. म्हणून डॉक्टर घाई करत नाहीत, त्यांना कंजूष म्हणू नका. टीबीच्या खिडकीवरही मेथाडोनचं सांगा. आणि काहीही झालं तरी टीबीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. त्रास होतो म्हणून मधेच सोडलेला टीबी दुप्पट हट्टी होऊन परत येतो.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. साधारण सहा महिन्यांचा कोर्स धरला तर होळीच्या आसपास टीबीच्या गोळ्या संपतील. तेव्हा घरात पेढे वाटले जातील, आणि नेमकं त्याच पंधरवड्यात यकृताला लागलेली ती घाई ओसरेल. टीबीसाठी वाढवलेला मेथाडोनचा डोस तेव्हा अंगाला जड व्हायला लागेल. दिवसा झापड, रात्री वेगळंच घोरणं. गोळ्या थांबायच्या आठवड्यातच मेथाडोनच्या डॉक्टरांना भेटून डोस उतरवण्याचं वेळापत्रक ठरवून घ्या. दोन खिडक्या एकमेकींना हे कळवतील या भरवशावर राहू नका.

आणि ती झोपेची गोळी. आईंनी मायेनं दिली हे कळतं. पण मेथाडोन आणि झोपेची गोळी, किंवा मेथाडोन आणि दारू, दोन्ही मिळून श्वास मंद करतात. माणूस झोपेत श्वास घ्यायचाच विसरतो. आज त्याच्या अंगात मेथाडोन कमी पडतंय म्हणून ते दोनदा निभावलं असेल. डोस वाढल्यावर निभावेलच असं नाही. कधी तो हाका मारूनही जागा होत नसेल, घरघर लागल्यासारखा घोरत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर झोपू दे बिचाऱ्याला असं म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि मेथाडोन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन देतात, पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि मेथाडोन दिवसभर टिकतं. म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयातून लगेच घरी आणायचं नाही.

मेडिकलमधल्या पट्टीचं सांगते. आणू नका. एक तर साध्या अफू-मॉर्फिनच्या पट्टीवर मेथाडोन दिसत नाही. दुसरं म्हणजे काही तपासण्यांत रिफाम्पिसिनमुळेच अफूचा खोटा निकाल येतो. म्हणजे आई पट्टी आणणार, टीबीच्या गोळीमुळे खोटा निकाल आला तर सोळा-सतरा महिन्यांची मेहनत त्या निकालावर संपणार. लघवी तपासायचीच असेल तर त्याच्या केंद्रात, त्याला सांगून, चालू औषधांची यादी देऊन. खिसे तपासणं मात्र आजपासून बंद.

आता मामा.

मामांचा आक्षेप मी अडाणीपणाचा म्हणणार नाही. मेथाडोन अफूच्याच कुळातलं आहे, अंगाला त्याची सवय लागते, अचानक बंद केलं तर टर्की येते. हे सगळं खरं आहे. आमचे डॉक्टर लगेच मधुमेहाच्या इन्सुलिनचा दाखला देतात. मला तो अर्धाच पटतो. इन्सुलिन घेणाऱ्याला कुणी रोज सकाळी नर्ससमोर तोंड उघडायला लावत नाही, आणि त्याच्या लग्नाची बोलणी त्यावरून मोडत नाहीत. मामांना वेगळं विचारा. गर्दवर असताना भावाचा दिवस कसा जायचा? गर्दचा अंमल चार-सहा तासांचा. डोळे उघडले की पहिला विचार पुडीचा, पैशाची जुळवाजुळव, माल, पन्नी, तासभर बरं, की पुन्हा पुढच्या पुडीची धावाधाव. रात्री झोपतानाही सकाळची सोय उशाशी हवी. मेथाडोन दिवसातून एकदा पोटातून जातं, सावकाश चढतं, चोवीस तास समान राहतं. नीट बसलेल्या डोसवर ना तरंगणं असतं, ना टर्की. वर कुणी पुडी घेतलीच, तर तिचा म्हणावा तसा परिणामही होत नाही. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न पडतो, आणि तुमच्या भावानं त्याला उत्तर म्हणून गोदामातली नोकरी शोधली.

हे पहिल्यांदा कसं लक्षात आलं, ती गोष्ट मला फार आवडते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मारी नाय्सवँडर हे दोघं डॉक्टर हेरॉइनच्या व्यसनींवर काम करत होते. डोल हे चयापचयावर संशोधन करणारे, नाय्सवँडर मनोविकारतज्ज्ञ. क्रीक तेव्हा तरुण होत्या आणि याच गटात होत्या. सुरुवातीला त्यांनी रुग्णांना मॉर्फिन देऊन पाहिलं. माणसं सुखी होईनात. टीव्हीपुढं बसून राहायची, पुढचं इंजेक्शन कधी म्हणून घड्याळ बघायची, डोस वाढवत न्यावा लागायचा. मग मेथाडोन दिलं. हे औषध दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत तयार झालेलं, वेदनाशामक म्हणून कपाटात पडलेलं. काही आठवड्यांत एक रुग्ण चित्रं काढायला लागला, दुसरा शाळेचं अर्धवट शिक्षण पुरं करू द्या म्हणून मागे लागला. डॉक्टरांना सापडलं ते हे: इंजेक्शनची वाट न बघणारा माणूस.

राहिलं सरकारचं. मेथाडोन आणि त्याचं भावंड ब्यूप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. आपल्याकडे ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी आधी आली, मेथाडोन २०१२ पासून, तेही मोजक्याच सरकारी रुग्णालयांत. मुंबईतलं केईएम त्या पहिल्या काहींपैकी. २०१४ साली अंमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा दुरुस्त होऊन अत्यावश्यक अंमली औषधांची सोय झाली, त्या यादीतही मेथाडोन आहे. म्हणजे भाऊ काही लपूनछपून करत नाही. देशात अफूजन्य पदार्थांपायी ज्यांना मदतीची गरज आहे, अशी माणसं २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे ७७ लाख. त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला ही खिडकी आली आहे. मामांना सांगा, आपला भाचा नशीबवान निघाला.

कधी संपणार, यावर मी तारीख देणार नाही. काहींचं दोन-तीन वर्षांत होतं, काही दहा-दहा वर्षं घेतात, काही कायम. थांबवायचं तर त्यालाच वाटलं पाहिजे, घरात नोकरी-झोप-पैसा थाऱ्यावर असला पाहिजे, आणि मग दर काही आठवड्यांनी थोडं थोडं उतरवत, वर्षभर लागलं तरी चालेल अशा बेतानं. मधेच डगमगला तर पुन्हा एक पायरी वर. टीबी चालू असताना, लग्न तोंडावर असताना, अंगात आधीच औषध कमी पडत असताना उतरवायला घेणं म्हणजे भर पावसात घराची कौलं काढणं.

आणि महिनाभर केंद्रात ठेवण्याचा बेत तर माझ्यासाठी या पत्रातली सगळ्यात भीतीची ओळ आहे. केंद्रांवर माझा राग नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली गर्दच्या लाटेतच उभं राहिलं आणि त्यानं कितीतरी घरं सावरली. पण तुमच्या भावाच्या बाबतीत नुसतं सोडवून घरी पाठवणं दोनदा करून झालंय, आणि दोन्ही वेळा महिन्यात काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. तिसऱ्या वेळी काय वेगळं होईल ते सांगते. महिनाभर औषध बंद राहिलं की अंगाची सवय मोडते. मग तो आठवणीतल्या जुन्या मापानं एक सुई घेतो, आणि ते माप आता त्याच्या शरीराला झेपत नाही. सुटून आलेल्यांचे बरेच मृत्यू असेच होतात. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब छापला गेला. मेथाडोन चालू असताना दर हजार जणांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू, आणि उपचारातून बाहेर पडल्यावर ३६. त्यातही बाहेर पडल्यावरचे पहिले चार आठवडे सगळ्यात वाईट. आई म्हणतात ते वेळापत्रक लावून बघा. केंद्रातून सुटका, साखरपुडा, हळद, लग्न. ते चार आठवडे बरोबर मांडवात येतात.

मुलीकडच्यांना सांगायचं का, याचं माझं उत्तर आहे: मुलीला सांगायचं. मुलीकडच्यांना नंतर, तिची इच्छा असेल तसं. आणि सांगायचं त्यानं, तुम्ही नाही, आईंनी नाही, मध्यस्थांनी तर मुळीच नाही. ही त्याची गोष्ट आहे, त्याच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून जाता कामा नये. दोघांना दोन-तीनदा घराबाहेर भेटू द्या. नऊ वर्षं काय होतं, सुई किती वर्षं, आता काय घेतो, रोज सकाळी कुठं जातो, टीबीचं काय, एवढं त्यानं सरळ सांगावं. सांगण्याआधी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या दोन्ही तपासण्यांचे निकाल हातात असावेत. टीबी निघाला तेव्हा एचआयव्ही बहुधा झालीच असेल, हिपॅटायटिस सीची मागून घ्या. सुईवर असलेल्यांत तो बराच आढळतो. निघाला तरी बहुतेकांचा गोळ्यांच्या तीनेक महिन्यांच्या कोर्सनं बरा होतो, आणि सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून ते उपचार फुकट आहेत. मात्र त्या गोळ्यांतल्या काहींचं रिफाम्पिसिनशी जमत नाही, तेव्हा आधी टीबी की आधी यकृत हे डॉक्टर ठरवतील.

ती नाही म्हणेल ही भीती खरी आहे. म्हणू शकते, तिला तो हक्क आहे, आणि नाही म्हणाली तर तिला वाईट मुलगी ठरवू नका. पण लपवून लग्न केलं तर काय होईल? रोज सकाळी साडेआठला नवरा जातो कुठं, हे नव्या नवरीपासून किती दिवस लपेल? पहिल्या पंधरवड्यात ती रुग्णालयाचं कार्ड शोधून काढेल, आणि मग तुम्ही मेथाडोन आहे म्हणून सांगाल ते तिला गर्दच ऐकू येईल. महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून रद्द करून मागता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे. पण मला कोर्टाची चिंता नाही. मेथाडोनवरच्या माणसाला घरात एक असं माणूस लागतं ज्याच्यापुढं त्याला काही लपवायचं नसतं. ते बायको असली तर चांगलंच.

तिला जे प्रश्न पडतील त्यांतले काही नाजूक असतील, ते त्याला आधीच माहीत असलेले बरे. या औषधावर काही पुरुषांची इच्छा कमी होते किंवा अडचण येते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगितल्यावर उपाय निघतात, आणि लाजेखातर डोस चुकवणं हा उपाय नव्हे. मुलं होतात. घाम जास्त येतो, पोट साफ होत नाही, हे तर रोजचंच. हृदयाच्या ठोक्यांसाठी अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. दुसरी कुठलीही नवी औषधं सुरू झाली तर ती मेथाडोनच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, ही सवय तर आता तुम्हा सगळ्यांना लागेलच.

लग्न चिपळूणला असेल तर एक व्यावहारिक गोष्ट राहते. हळदीपासून पूजेपर्यंत चार-पाच दिवस मोडतात. तीन दिवस किंवा त्याहून जास्त डोस चुकले तर परत आल्यावर जुना डोस एकदम देता येत नाही, खालून सुरू करावं लागतं. म्हणून तारीख पक्की करण्याआधी केंद्रात विचारा. काही ठिकाणी, रुग्ण स्थिर असेल तर, मोजके डोस बरोबर देतात, काही ठिकाणी देत नाहीत. दिले तर ती बाटली कुलपात. लग्नघरात पोरं सरबत समजून काहीही तोंडाला लावतात, आणि मोठ्या माणसाचा एक घोट लहान पोराचा जीव घेऊ शकतो. दिले नाहीत तर मांडव ठाण्यात घाला. वऱ्हाड चिपळूणहून ठाण्याला येईल, कोकण रेल्वे कशाला आहे?

पौषाच्या आत होईल असं मला वाटत नाही. डोस बसायला काही आठवडे जातील, बोलणी व्हायला आणखी काही. माघ-फाल्गुनातही मुहूर्त असतात, आणि टीबीचा कोर्सही तोवर बराच सरलेला असेल. मुलगी थांबायला तयार असेल तर आईंना थांबायला काय हरकत आहे, हे तुम्हीच त्यांना विचारा. रात्री जेवणं झाल्यावर, भाऊ घरात नसताना नाही, असताना विचारा.

फोन करून विचारण्यासारखं कुणी नसेल तर व्यसनासंबंधी १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, आईंना कधी फारच घाबरायला झालं तर मनाच्या त्रासासाठी १४४१६. पण त्याआधी उद्याचं काम: टीबीची स्ट्रिप, कार्ड, आणि त्याच्याबरोबर तुम्ही. आईंच्या झोपेच्या गोळ्यांचा डबा मात्र आज रात्रीच तुमच्या कपाटात ठेवा, आणि चावी तुमच्याकडे.